नदीपलीकडची दारं: प्रचाराला जावं का?

ओवी_एडिसन | १२ सप्टेंबर २०२४

नमस्कार मंडळी,

काल आमच्याकडे गौरीजेवण होतं, संध्याकाळी हळदीकुंकू. एकोणीस जणी आल्या होत्या. आदल्याच रात्री फिलाडेल्फियात हॅरिस-ट्रम्प वादविवाद झालेला, त्यामुळे पुरणपोळीचं कौतुक दोन मिनिटांत आटोपलं आणि पुढचे दोन तास निवडणूक. निघताना एक मैत्रीण म्हणाली, "शनिवारी पेनसिल्व्हेनियात बक्स काउंटीला दारं वाजवायला चाललोय, गाडीत दोन जागा आहेत. येतेस?"

मी यंदा मार्चमध्ये नागरिक झाले. शपथविधीनंतर बाहेर लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या दोन बायका टेबल मांडून बसल्या होत्या, तिथेच मतदार नोंदणीचा फॉर्म भरला. एकविसाव्या वर्षी भारतात एकदा मत दिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. पण राष्ट्राध्यक्ष निवडताना राज्यात जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी मतं मिळतात, आणि आमच्या न्यू जर्सीची १४ मतं कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत आहे. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनियाची १९ मतं आहेत आणि ती कुठेही जाऊ शकतात.

मन ओढ घेतंय, पाय अडतात. अनोळखी माणसाचं दार वाजवून काय बोलायचं? माझे उच्चार ऐकून "ही कोण आम्हाला सांगणार" असं नाही का वाटणार? सासूबाईंचं म्हणणं, लोकांच्या दारात मागायला जाणं आपल्यात नाही. नवऱ्याचा प्रश्न वेगळा: याचा खरंच काही उपयोग होतो का?

ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. कोणत्याही पक्षासाठी केलेलं असलं तरी चालेल.

---

चिंचगूळ | १२ सप्टेंबर

जा. परत आल्यावर इथे लिही.

---

मंदार७६ | १२ सप्टेंबर

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यावर खरोखर अभ्यास झालेला आहे. येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवनमध्ये सुमारे तीस हजार मतदारांवर प्रयोग केला. काहींच्या घरी माणूस गेला, काहींना फोन, काहींना पत्र. घरी माणूस गेला तिथे मतदान चांगलंच वाढलं, पत्राने किंचित, फोनने काहीच नाही. पण २०१८ साली जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी ४९ प्रयोग एकत्र करून दाखवलं, की सार्वत्रिक निवडणुकीत प्रचारामुळे लोक आपली पसंती बदलण्याचं प्रमाण सरासरी जवळजवळ शून्य आहे.

थोडक्यात, विरोधकाला आपल्या बाजूला आणायला जात असाल तर शनिवार वाया जाईल. आपल्या बाजूचा पण आळशी माणूस घराबाहेर काढायला जात असाल तर जरूर जा.

---

नर्मदा_फेअरफॅक्स | १२ सप्टेंबर

मंदार बरोबर सांगतोय, पण "आळशी" हा शब्द मागे घे रे. दारावर गेलास तर कळेल, मत न देणारे बहुतेक लोक थकलेले असतात. दोन शिफ्ट, लहान मुलं, गेल्या वर्षी घर बदललं म्हणून नोंदणी जुन्या पत्त्यावर.

ओवी, मी २००८ पासून करतेय. व्हर्जिनियाने १९६४ नंतर पहिल्यांदा डेमोक्रॅटिक उमेदवार निवडला ते वर्ष. तेव्हा मुलगा बाबागाडीत होता, त्याला घेऊन फिरायचे. बाबागाडी पाहिली की लोक दार उघडायचे! आता तो स्वतः मतदार आहे.

काही गोष्टी अनुभवाच्या:

हिरवळीवरून चालत जायचं नाही, पायवाटेनेच. बेल वाजवली की दोन पावलं मागे सरकून उभं राहायचं, म्हणजे आतल्या माणसाला दडपण येत नाही. पत्रक दाराच्या कडीला अडकवायचं किंवा पायपुसण्याखाली सरकवायचं, टपालपेटीत कधीही नाही. पेटीत तिकीट न लावलेलं काही टाकणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे आणि नवे स्वयंसेवक नेमके तिथेच चुकतात.

फोनवर यादी मिळते, त्यात नाव, वय, आणि गेल्या निवडणुकांत मत दिलं होतं का हे असतं. कोणाला दिलं ते नसतं. भारतातून आलेल्यांना याचा धक्का बसतो, पण इथे ती माहिती उघड आहे.

"मत द्याल ना?" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. "मंगळवारी कामाला जायच्या आधी जाणार की नंतर? केंद्र कुठल्या शाळेत आहे?" असं विचार. माणूस बोलता बोलता स्वतःच बेत आखतो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. यादीत बाईचं नाव असतं आणि दार नवरा उघडतो. "आमच्या घरचं ठरलंय" म्हणून दार लावायला लागतो. तेव्हा हसून म्हणायचं, "मला त्यांच्याशीच बोलायचंय, एकच मिनिट." २०१६ साली एका घरी नवरा ठामपणे सांगत होता की इथली दोन्ही मतं ट्रम्पना. मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको माझ्याकडे बघून अगदी हळू मान हलवत होती. नाही म्हणून. मी काही बोलले नाही. पत्रक तिच्या हातात मात्र दिलं.

---

पानसुपारी | १३ सप्टेंबर

शेजारच्या राज्यात मत मागायला जाताना टोल पडतो का?

---

ओवी_एडिसन | १३ सप्टेंबर

ट्रेंटनला रूट १ च्या पुलावर पेनसिल्व्हेनियात जाताना पडतो, येताना नाही. जुन्या लोखंडी पुलावर, "ट्रेंटन घडवतं, जग घेतं" अशी मोठी अक्षरं आहेत ना, तिथे अजिबात नाही. आम्ही जुन्या पुलाने जाणार.

---

पानसुपारी | १३ सप्टेंबर

"जाणार" म्हणालीस. ठरलं म्हणायचं!

---

आभाळ_अल्फारेटा | १३ सप्टेंबर

मी दुसऱ्या बाजूची आहे, जॉर्जियात रिपब्लिकन पक्षासाठी २०२० पासून दारं वाजवते. ओवीने कोणत्याही पक्षाचं चालेल म्हटलं म्हणून लिहितेय.

अशा चर्चेत आपोआप गृहीत धरलं जातं की बाई रस्त्यावर उतरली म्हणजे ती डेमोक्रॅट असणार. नॅशनल फेडरेशन ऑफ रिपब्लिकन विमेन १९३८ सालची आहे, मॅरियन मार्टिन यांनी उभी केली. १९६४ साली रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांच्या प्रचाराचं ओझं उपनगरातल्या गृहिणींनी उचललं. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला ३८ राज्यांची मंजुरी हवी होती, ती १९८२ च्या मुदतीपर्यंत ३५ वर अडली, तीही दुरुस्तीच्या विरोधक फिलिस श्लाफ्ली यांच्यामागे उभ्या राहिलेल्या बायकांमुळेच. ते पटो न पटो, घरोघरचं काम म्हणजे काय हे त्यांना कळलं होतं.

मी छोटा व्यवसाय चालवते, कर आणि महागाई मला रोज दिसतात, आणि रांगेत बारा वर्षं उभं राहून नागरिक झाल्यामुळे सीमेबद्दलचं माझं मत वेगळं आहे. मैत्रिणींच्या एका ग्रुपमधून मला यासाठी काढलं. त्याचं दुःख अजून आहे.

२०२० साली आमच्या राज्यात ट्रम्प ११,७७९ मतांनी हरले. तेव्हा मंदार, उपयोग होतो का हे आम्हाला विचारा.

---

कृष्णाकाठ | १३ सप्टेंबर

आभाळ, तुमच्या भूमिकेशी मी सहमत नाही. रांगेत उभं राहिलेल्यांनीच मागच्यांसाठी दार लावून घ्यावं हे मला समजत नाही. पण ग्रुपमधून काढणं चूक. हळदीकुंकवाला बोलावताना आपण पक्ष विचारत नाही.

---

आभाळ_अल्फारेटा | १३ सप्टेंबर

दार लावायचं नाही, दारातून या म्हणायचंय. पण हा धागा त्यावर नको, ओवीचा प्रश्न राहून जाईल.

---

गोरेगावकर_आजी | १४ सप्टेंबर

नातीने हा धागा वाचून दाखवला, तिच्याकडून टंकून घेतेय.

ओवी, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग. १९७२ ला महागाईविरुद्ध लाटणी घेऊन आम्ही रस्त्यावर आलो, तेव्हा माझी सासूही हेच म्हणाली होती. तिसऱ्या मोर्च्याला ती स्वतः थाळी घेऊन आली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर पुढे असायच्या. १९७७ ला मृणालताई लोकसभेला उभ्या राहिल्या. आम्ही चाळीतल्या बायका दुपारी भांडी झाल्यावर दोघी-दोघींनी निघायचो. पुरुष सभा घ्यायचे. आम्ही आत माजघरात बसायचो. पाणी किती वाजता येतं, रेशनवर तेल मिळालं का, हे आधी. मताचं सगळ्यात शेवटी, उठताना. "पानीवाली बाई दिल्ली में" ही घोषणा सगळ्यांना आठवते, पण घोषणेआधी त्या बाईने गोरेगावात नळ आणला होता हे विसरू नका.

मागायला जातेस असं समजू नकोस. विचारपूस करायला जातेस.

---

चिंचगूळ | १४ सप्टेंबर

आजी, साष्टांग नमस्कार.

---

शमा_एच४ | १४ सप्टेंबर

मला एक विचारायचंय. मी एच४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर आहे. मत देता येत नाही, हे माहीत आहे. पण मदत केली तर व्हिसाला काही होईल का? भीती वाटते.

---

नर्मदा_फेअरफॅक्स | १४ सप्टेंबर

शमा, बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करायला परदेशी नागरिकांना परवानगी आहे. पैसे मात्र द्यायचे नाहीत, एक डॉलरसुद्धा नाही. देणगी फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकच देऊ शकतात. टीशर्ट किंवा टोपी विकत घेतली तरी ती देणगीच धरली जाते, म्हणून तेही नको.

आणि हे सगळ्यांनीच ध्यानात ठेवा: दुकानाबाहेर कुणी नोंदणीचा फॉर्म पुढे केला तर नागरिक नसताना सही करायची नाही. चुकूनसुद्धा "मी नागरिक आहे" या चौकोनात खूण नको. त्याने ग्रीन कार्ड तर जाईलच, देशही सोडावा लागू शकतो.

भीती वाटत असेल तर आधी पोस्टकार्ड लिही. घरी बसून होतं. आमच्याकडे रविवारी आठ जणी जमतात, एक बाई भजी तळते, बाकीच्या लिहितात. पोस्टकार्डाचं तिकीट जुलैपासून ५६ सेंटचं झालंय, म्हणजे दोनशे कार्डांना ११२ डॉलर. तिकिटांचा खर्चही तू उचलू नकोस, अक्षर मात्र तुझं चालेल. ते कुणाच्या तरी फ्रिजवर लागतं.

---

मंदार७६ | १४ सप्टेंबर

पत्राचा परिणाम किंचित, हे मी वर लिहिलंच आहे.

---

कृष्णाकाठ | १४ सप्टेंबर

मंदार, एका पत्राची गोष्ट सांगते. १८ ऑगस्ट १९२०, टेनेसीचं विधानगृह. स्त्रियांच्या मताधिकाराच्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला ३६ वं राज्य हवं होतं. हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा आमदार विरोधकांचं लाल गुलाब कोटाला लावून बसला होता. खिशात आईचं, फेब बर्न यांचं पत्र. शेतावरच्या घरातून लिहिलेलं, पावसापाण्याच्या गप्पा आणि मधेच सांगणं की शहाण्यासारखा वाग, मताधिकार चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांना मदत कर. नाव पुकारल्यावर तो "हो" म्हणाला आणि दुरुस्ती मंजूर झाली.

म्हणजे लगेच सगळ्या बायकांना मत मिळालं असं नाही. आपल्यासारख्यांना १९४६ पर्यंत इथलं नागरिकत्वच घेता येत नव्हतं. दक्षिणेतल्या काळ्या बायकांना १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली.

ओवी, तू न्यू जर्सीची म्हणून मुद्दाम सांगते. ऑगस्ट १९६४, अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष, तुमच्या अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. मिसिसिपीच्या सर्वगोऱ्या प्रतिनिधीमंडळाला आव्हान देणाऱ्या गटातून फॅनी लू हेमर आल्या. वीस भावंडांतल्या शेंडेफळ, कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या. १९६२ ला नोंदणीचा प्रयत्न केला म्हणून मळ्यावरून हाकललं, १९६३ ला विनोनाच्या तुरुंगात बेदम मारलं. समितीपुढे त्यांनी हे सांगायला सुरुवात केली आणि टीव्हीवर आपल्याला महागात पडेल म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावली. कॅमेरे तिकडे वळले. पण रात्रीच्या बातम्यांत सगळ्या देशाने हेमर यांना ऐकलं. पक्षाने त्यांच्या गटाला दोन जागा देऊ केल्या, त्या त्यांनी नाकारल्या.

यंदा २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली त्याच रात्री काळ्या स्त्रियांच्या एका ऑनलाइन बैठकीला ४४,००० जणी जमल्या आणि तीन तासांत पंधरा लाख डॉलर उभे राहिले. बातम्यांत त्याला चमत्कार म्हटलं. ज्यांना अटलांटिक सिटी माहीत आहे त्यांना त्यात चमत्कार दिसणार नाही.

---

नर्मदा_फेअरफॅक्स | १४ सप्टेंबर

हे मुलाला वाचायला देते आहे.

---

ओवी_एडिसन | १५ सप्टेंबर

काल जाऊन आले!

लेव्हिटाऊनला पाठवलं होतं. १९५० च्या दशकात एकाच साच्यातून काढलेली घरं आणि एकेका भागातल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू. दोनदा चुकलो. ३८ दारं, त्यातली ११ उघडली. एकाने फटकन लावून घेतलं. हात थरथरत होते, पण पुढच्या दारात एक आजोबा म्हणाले, "ऊन आहे, पाणी घे."

सगळ्यात लक्षात राहिल्या त्या ऐंशीच्या आसपासच्या एक बाई. टपालाने मत देणार होत्या. मागच्या वेळी मतपत्रिका आतल्या गुप्त पाकिटात न घालता थेट बाहेरच्या पाकिटात टाकली होती. पेनसिल्व्हेनियात अशी पत्रिका बाद होते. त्यांना ते नंतर कळलं आणि तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. कोणाला मत देणार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन पाकिटांचा क्रम त्यांच्या डायरीत लिहून दिला. माझ्या उच्चारांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

सासूबाईंना आजींचा निरोप सांगितला. त्या गप्प बसल्या आणि पुढच्या शनिवारसाठी दशम्या करते म्हणाल्या.

---

गोरेगावकर_आजी | १५ सप्टेंबर

दशमी चार दिवस टिकते. सोबत चटणी दे म्हणावं.

---

शमा_एच४ | ६ ऑक्टोबर

साठ कार्डं झाली. एकावर शाई सांडली, ते पुन्हा लिहिलं.

---

ओवी_एडिसन | ३ नोव्हेंबर

आज भाऊबीज. भाऊ डॅलसहून आलाय, त्याला सकाळी सातला ओवाळलं आणि गाडीत घातलं. मागे फराळाचा डबा. शेवटचा शनिवार-रविवार म्हणून ऑफिसबाहेर स्वयंसेवकांची एवढी गर्दी की पत्रकं संपली. चकल्याही संपल्या. आतापर्यंत ४०० च्या वर दारं झाली माझी.

---

आभाळ_अल्फारेटा | ३ नोव्हेंबर

आम्हीही बाहेर. पाय सुजलेत. सगळ्या बहिणींना भाऊबीजेच्या शुभेच्छा, दोन्ही बाजूंच्या.

---

ओवी_एडिसन | ९ नोव्हेंबर

चार दिवस इथे यावंसं वाटलं नाही. पेनसिल्व्हेनिया गेलं. बक्स काउंटीसुद्धा ट्रम्प यांच्याकडे झुकलीय. १९८८ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन उमेदवार तिथे पुढे आहे, आणि तोही अगदी थोडक्या मतांनी. एवढे शनिवार, एवढी दारं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मंदार, तुझे आकडे आता नकोत.

---

मंदार७६ | ९ नोव्हेंबर

आकडे नाही देत. माफ कर. मी या वेळी एकही दार वाजवलं नाही. ते बोचतंय.

---

आभाळ_अल्फारेटा | १० नोव्हेंबर

ओवी, माझी बाजू जिंकली, पण तुझं दुःख मला खोटं वाटत नाही. २०२० ला ११,७७९ मी उराशी घेऊन झोपले होते. प्रत्येक न वाजवलेलं दार आठवतं. काही महिने आठवेल.

---

गोरेगावकर_आजी | १० नोव्हेंबर

बाळा, मृणालताई १९८० ला पुन्हा लोकसभेत गेल्या नाहीत. पाण्याचा मोर्चा त्याही वर्षी निघाला.

---

कृष्णाकाठ | २ डिसेंबर

बक्सची मोजणी पूर्ण झाली. जवळजवळ चार लाख मतांत फरक तीनशेहूनही कमी. ओवी, नवऱ्याचा "उपयोग होतो का" हा प्रश्न आता मला तरी वेगळाच ऐकू येतो. तीनशे मतं म्हणजे लेव्हिटाऊनचे दोन-चार रस्ते.

---

ओवी_एडिसन | १९ जानेवारी २०२५

धागा वर काढतेय, कारण सांगायचं राहिलं होतं.

काल संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून प्रत्येकीला एक पेन, वीस पोस्टकार्डं आणि तिकिटांची एक पट्टी. नोव्हेंबरमध्ये आमच्या राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक आहे, शाळा मंडळाच्या जागाही आहेत. सासूबाईंनी हलवा केला होता. त्यांनी स्वतः पाच कार्डं लिहिली, मराठी वळणाच्या इंग्रजी अक्षरांत. एका मैत्रिणीने शाळा मंडळासाठी उभं राहायचं ठरवलंय आणि तिची यादी माझ्याकडे आहे.

लेव्हिटाऊनच्या त्या बाईंनी ख्रिसमसचं कार्ड पाठवलं. निघताना मी त्यांच्या डायरीत माझा पत्ता लिहिला होता, काही अडलं तर कळवा म्हणून. कार्डावर एकच ओळ: या वेळी दोन्ही पाकिटं बरोबर लागली.

---

शमा_एच४ | १९ जानेवारी

ओवी, वाण उरलंय का? मी शनिवारी येते. अक्षर माझं, तिकीट तुझं.